इंधन-सवलतींची अमेरिकन सरकारी यादी: शोधायला उत्तम, बिल करायला अपुरी

बायोडिझेल, सीएनजी, प्रोपेन, वीज अशा पर्यायी इंधनांवर अमेरिकेतलं कोणतं राज्य काय सवलत देतं आणि बदल्यात काय अट घालतं, हे एका जागी बघायचं असेल तर भरवशाचं ठिकाण म्हणजे तिथल्या ऊर्जा खात्याचं ‘अल्टरनेटिव्ह फ्युएल्स डेटा सेंटर’, थोडक्यात एएफडीसी. १९८८ चा पर्यायी इंधनांचा कायदा आणि १९९० मधली स्वच्छ हवा कायद्याची दुरुस्ती यांच्या पाठोपाठ १९९१ मध्ये ते सुरू झालं. सुरुवातीला तिथे फक्त गाड्यांच्या चाचण्यांची आकडेवारी साठवत. आता पंप शोधायचा नकाशा आहे, इंधनांच्या गुणधर्मांचा तक्ता आहे आणि ‘लॉज अँड इन्सेंटिव्हज’ नावाचा विभाग आहे. हा रिव्ह्यू फक्त त्या विभागाचा.

फुकट आहे, लॉगिन लागत नाही, जाहिराती नाहीत. कायद्यावर आधारलेल्या प्रत्येक नोंदीखाली मूळ कलम दिलेलं असतं, आणि हीच त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. सवलत आहे की नाही हे शोधायला पाचपैकी साडेचार तारे. सवलत किती मिळेल हे काढायला दोन, तेही उदार मनाने. न्यू जर्सीत ईव्ही घेणारं मराठी कुटुंब, टेक्सासात ट्रकचा धंदा करणारा मालक, पुण्यात बसून अमेरिकन वाहतूक कंपनीचे तिमाही इंधनकर भरणारा अकाउंटंट, या तिघांनाही इथे अर्धं उत्तर मिळतं. धोरणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र पूर्ण मिळतं, कारण त्याला चलन भरायचं नसतं.

शोध घेताना पहिली चूक कुठे होते

शोधाच्या पानावर राज्य, इंधन, सवलतीचा प्रकार, नियमाचा प्रकार आणि वापरणारा कोण असे गाळणीचे रकाने आहेत. ‘करसवलत’ ही एकच खूण करून शोधलं की बहुतेक जण फसतात. इथे ‘टॅक्स इन्सेंटिव्ह’ हा एक प्रकार, ‘एक्झेम्प्शन’ म्हणजे सूट हा दुसरा, आणि ‘फ्युएल टॅक्सेस’ तर सवलतींच्या गटात नाहीच, तो नियमांच्या गटात आहे. इंधनावरच्या राज्यकरात बायोडिझेलला कमी दर असेल तर तो कधी सवलतीत सापडतो, कधी नियमांत. त्यामुळे सवलतीच्या प्रकाराची गाळणी वापरूच नये. राज्य आणि इंधन एवढंच निवडावं आणि नोंदींची जी काही यादी येईल ती आडवी-उभी वाचावी. दहा मिनिटं जातात, पण काही सुटत नाही.

दुसरं, ‘बायोडिझेल’ निवडलं की अनुदानं, शाळेच्या बसचे कार्यक्रम, सरकारी ताफ्यांच्या खरेदीच्या अटी हे सगळं एकत्र येतं. त्यात एखादी नोंद ‘सर्व पर्यायी इंधनं’ अशा शब्दांत असते आणि बायोडिझेलचा उल्लेख नुसता व्याख्येत असतो. अशा ठिकाणी मूळ कलमातली व्याख्या उघडून बघायला पर्याय नाही. बायोडिझेल म्हणजे तेल किंवा चरबीवर मिथेनॉलची प्रक्रिया करून मिळणारं एस्टर, एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डी६७५१ या मानकात बसणारं. रिन्यूएबल डिझेल त्याच तेलापासून होतं, पण हायड्रोजनच्या प्रक्रियेतून, आणि रासायनिकदृष्ट्या ते साध्या डिझेलसारखंच असतं. काही राज्यांचे कायदे दोघांना एकाच पंगतीत बसवतात, काही ठिकाणी फक्त पहिलंच पात्र ठरतं. एएफडीसीचा चार ओळींचा सारांश हा फरक दरवेळी सांगेलच असं नाही.

पैसे कुणाच्या खिशात जातात

यादीतली कुठलीही नोंद वाचताना आधी हा प्रश्न विचारायचा. ‘बायोडिझेलवर गॅलनमागे सात सेंट क्रेडिट’ असं वाचून ट्रकमालक खूश होतो आणि पंपावर जाऊन भाव बघतो तर फरक काहीच नाही.

आयोवाचं उदाहरण घ्या. २०२२ च्या कायद्याने २०२३ पासून पंपचालकाला बी११ ते बी१९ मिश्रणावर गॅलनमागे ५ सेंट, बी२० ते बी२९ वर ७ सेंट आणि बी३० व त्यावर १० सेंट असं आयकरातलं क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून थेट वजावट, मिळतं. (‘बी’पुढचा आकडा म्हणजे मिश्रणातल्या बायोडिझेलची टक्केवारी; बी१०० म्हणजे निव्वळ बायोडिझेल.) दहा हजार गॅलन बी२० विकलं की ७०० डॉलर. हे पैसे विक्रेत्याचे. तो त्यातले किती भावात उतरवतो, हे समोरच्या चौकात दुसरा पंप आहे की नाही यावर ठरतं. मिसूरीतही तसंच: ५ ते १० टक्क्यांच्या मिश्रणाला २ सेंट, त्यावर २० टक्क्यांपर्यंत ५ सेंट, तेही विक्रेत्याला. शिवाय तिथे राज्याने वर्षाची एकूण रक्कम बांधून दिली आहे. मागणी जास्त झाली तर क्रेडिट सगळ्यांत विभागून मिळतं. म्हणजे मिसूरीच्या पंपमालकाने ५ सेंट धरून भाव लावला आणि वर्षअखेरीस वाट्याला त्याहून कमी आलं, तर तूट त्याची. असं क्रेडिट हिशोबात धरताना पूर्ण आकड्याऐवजी थोडा कापूनच धरावं.

टेक्सासात मात्र सूट थेट करावर आहे, त्यामुळे ती खरेदीदाराच्या बिलात दिसू शकते. राज्याचा डिझेल कर गॅलनमागे २० सेंट. टॅक्स कोडच्या कलम १६२.२०४ प्रमाणे मिश्रणातल्या बायोडिझेलच्या भागावर तो लागत नाही. पाच हजार गॅलन बी२० घेतलं तर कर चार हजार गॅलनवर, म्हणजे १,००० डॉलरऐवजी ८००. अट अशी की बायोडिझेलचं प्रमाण किरकोळ पंपावर, साठवणुकीच्या टाकीवर आणि विक्रीच्या बिलावर स्पष्ट लिहिलेलं हवं. बिलावर नुसतं ‘डिझेल’ छापून आलं तर पूर्ण गॅलनावर कर. माल चोख असूनही सूट अशी हातची जाऊ शकते.

इथे पंपावरच्या लेबलाचा एक सापळा आहे. केंद्रीय व्यापार आयोगाच्या नियमानुसार ५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाला वेगळं लेबल लागतच नाही. ५ ते २० टक्क्यांच्या मधल्या मिश्रणाला निळं लेबल लागतं, आणि त्यावर ‘५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान’ एवढंच लिहिलं तरी चालतं. करासाठी तुम्हाला नेमका आकडा हवा असतो आणि लेबल देतं पल्ला. म्हणून ताफ्यासाठी ठोक माल घेताना बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल भरल्याच्या कागदावर, टक्केवारी लिहून मागायची, आणि पुरवठादार कुरकुर करत असेल तर तिथेच थांबायचं.

इलिनॉय: सगळ्यात चांगली सवलत, सगळ्यात निसरडी अट

या यादीतली बायोडिझेलची सगळ्यात मोठी सवलत बहुधा इलिनॉयची. राज्याचा ६.२५ टक्के विक्रीकर पूर्ण माफ. करापूर्वीचा भाव ३.२० डॉलर धरला तर गॅलनमागे २० सेंट, साडेसात हजार गॅलनच्या टँकरमागे १,५०० डॉलर. गॅलनवर लागणारा इंधनकर वेगळा, तो यात माफ होत नाही. हे दोन कर एकच समजून घोळ घालणारे कमी नाहीत.

२०२३ पर्यंत अट सोपी होती: १० टक्क्यांहून जास्त बायोडिझेल. म्हणूनच त्या राज्यात वर्षानुवर्षं बी११ हा प्रकार जागोजागी दिसायचा. इंजिनाचं बी११ वर काही खास प्रेम होतं असं नाही, कायद्याने रेघ जिथे ओढली तिथे माल एक पाऊल पलीकडे उभा राहिला. २०२२ मध्ये झालेल्या बदलाने रेघ सरकती केली. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात २०२४ मध्ये १३ टक्क्यांहून जास्त, २०२५ मध्ये १६ हून जास्त, २०२६ पासून १९ हून जास्त. डिसेंबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत मात्र दरवर्षी १० हून जास्त असलं तरी चालतं. ही व्यवस्था २०३० पर्यंत आहे.

आता यातली खरी अडचण बघा. २०२६ च्या उन्हाळ्यापासून मिश्रण १९ टक्क्यांच्या वर हवं. दुसऱ्या बाजूला बी६ ते बी२० साठीचं मानक एएसटीएम डी७४६७ हे २० टक्क्यांवर संपतं, आणि बऱ्याच इंजिनांची वॉरंटीही तिथेच संपते. म्हणजे खेळायला जागा फक्त एका टक्क्याची. करासाठी खाली घसरायचं नाही, वॉरंटीसाठी वर जायचं नाही.

या एका टक्क्यात चूक तीन वाटांनी शिरते. पहिली, मूळ डिझेलच शुद्ध नसतं. डी९७५ या डिझेलच्या मानकात ५ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं आणि ते वेगळं सांगावं लागत नाही. साडेसात हजार गॅलनच्या टँकरसाठी १,५०० गॅलन बी१०० आणि ६,००० गॅलन डिझेल असा हिशोब केला, पण त्या डिझेलमध्येच ५ टक्के बायोडिझेल होतं, तर त्यातून आणखी ३०० गॅलन आलं. एकूण १,८०० गॅलन, म्हणजे २४ टक्के. कर माफ झाला, मानक मात्र मोडलं. उपाय एकच: मूळ डिझेलमधलं बायोडिझेलचं प्रमाण टर्मिनलकडून, म्हणजे टँकर जिथे भरतात त्या ठोक साठ्याकडून, लेखी घ्यायचं किंवा तपासून घ्यायचं, आणि बी१०० चं माप त्यावरून ठरवायचं. ५ टक्के असलेल्या डिझेलपासून साडेसात हजार गॅलनात साडेएकोणीस टक्के मिळवायचे असतील तर बी१०० लागतं साधारण १,१४५ गॅलन, १,५०० नाही.

दुसरी वाट टँकरमधल्या थरांची. बायोडिझेलची घनता साधारण ०.८८, डिझेलची ०.८५ च्या आसपास. टँकरमध्ये आधी थंड बायोडिझेल ओतून वर डिझेल सोडलं तर जड माल तळाशी बसून राहतो. पहिल्या कप्प्यातून उतरतं बी४०, शेवटी उतरतं जवळजवळ साधं डिझेल. कागदावर सरासरी बरोबर, पंपाच्या टाकीत चूक. बी१०० ओतताना त्याचं तापमान त्याच्या क्लाउड पॉइंटपेक्षा (थंडीने इंधन गढुळायला लागतं ते तापमान) निदान १० अंश फॅरनहाइट वर असावं, आधी डिझेल आणि मग वरून बायोडिझेल हा क्रम ठेवावा, आणि जमेल तिथे टर्मिनलच्या लाइनमध्येच मिसळलेला माल घ्यावा. सोयाबीनच्या बायोडिझेलचा क्लाउड पॉइंट शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास, जनावरांच्या चरबीपासून केलेल्याचा त्याहून बराच वर. कायद्याने थंडीत अट सैल केली त्याचं कारण हेच, आणि याच कारणाने चरबीचा माल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इलिनॉयच्या उत्तरेला उतरवणं जोखमीचं आहे. कायद्याचा उन्हाळा १ एप्रिलला सुरू होतो, शिकागोचा नाही.

तिसरी वाट मोजमापाची. मिश्रणातलं बायोडिझेल इन्फ्रारेड पद्धतीने मोजतात, त्यासाठी डी७३७१ ही चाचणी आहे. दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत थोडा फरक येणारच. म्हणून १९.१ चं लक्ष्य ठेवून मिश्रण करणारा माणूस विनाकारण संकट ओढवून घेतो. साडेएकोणीस धरावं, प्रत्येक खेपेचा नमुना बाटलीत सीलबंद ठेवावा आणि त्यावर तारीख, टँकर क्रमांक, बिल ऑफ लेडिंगचा क्रमांक लिहावा. बी१०० म्हणून आलेला माल पुष्कळदा बी९९ किंवा बी९९.९ असतो, हेही त्या बिलावरच कळतं.

यातलं किती एएफडीसीवर आहे? सवलत आहे हे आहे, कलमाचा आधार आहे. टँकरला काय होतं याचा पत्ता नाही, आणि तशी अपेक्षाही चुकीची. पण ज्या पानावर अट दर एप्रिल-डिसेंबरला बदलते, तिथे ‘आज कोणता आकडा लागू’ हे ठळक दिसायला हवं होतं. परिच्छेद वाचून ते आपल्याला काढावं लागतं, आणि गडबडीत वाचणारा गेल्या वर्षीचा आकडा उचलतो.

नियमांत लपलेले पैसे

मिनेसोटात सवलत नाही, सक्ती आहे. २००५ मध्ये डिझेलमध्ये २ टक्के बायोडिझेल, २००९ मध्ये ५, २०१४ पासून उन्हाळ्यात १०, २०१८ पासून उन्हाळ्यात २० टक्के. थंडीत ५ वर परत. १ ते १४ एप्रिल हा बदलाचा काळ, त्यात १० टक्के. यादीत हे नियमांच्या गटात येतं ते बरोबरच, कारण यातून कुणाला चेक मिळत नाही. इलिनॉय आणि मिनेसोटा, दोघांचं ध्येय जवळपास एकच, पण एकाने गाजर दाखवलं आणि दुसऱ्याने छडी. ताफा दोन्ही राज्यांतून धावत असेल तर उन्हाळ्यात गाडीच्या टाकीत साधारण सारखाच माल येतो, कागद मात्र वेगळे.

कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टनच्या बाबतीत ही विभागणी दिशाभूल करते. तिथले कमी-कार्बन इंधनाचे कार्यक्रम, कॅलिफोर्नियाचा २०११ पासून, ओरेगनचा २०१६ पासून, वॉशिंग्टनचा २०२३ पासून, एएफडीसी नियमांत मोडतं. पण उत्पादक आणि आयातदारासाठी हाच बहुतेक वेळा सगळ्यात मोठा पैसा असतो: इंधनाचा कार्बन-आकडा (बनवण्यापासून जाळण्यापर्यंत ऊर्जेच्या एककामागे होणारं उत्सर्जन) जितका कमी, तितकी क्रेडिट जास्त, आणि ती क्रेडिट बाजारात विकली जातात. ‘इन्सेंटिव्ह’ गाळून शोधणाऱ्याला कॅलिफोर्नियात बायोडिझेलला फारसं काही नाही असंच वाटेल, आणि मग देशभरातलं रिन्यूएबल डिझेल तिकडे का धावतं हे कोडं पडेल. या नोंदी दोन्ही गटांत दाखवल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

घरी बायोडिझेल करणाऱ्यांसाठीही नोंदी आहेत. नॉर्थ कॅरोलिनात स्वतःच्या खाजगी गाडीसाठी बायोडिझेल करणाऱ्या व्यक्तीला राज्याचा इंधनकर माफ आहे. हे वाचून शेजारच्या राज्यातही तसंच असेल असं धरू नये. आणि स्वतःच्या गाडीसाठी माफ म्हणजे मित्राला विकायला माफ नव्हे. मिथेनॉलची साठवण, ग्लिसरीनची विल्हेवाट यांचे नियम स्थानिक असतात, ते या यादीच्या कक्षेतच नाहीत.

सीएनजी, एलएनजी आणि मोजण्याची एककं

सीएनजीचा कर वाचताना एकक बघा. एक गॅलन पेट्रोलइतकी ऊर्जा म्हणजे ५.६६ पौंड सीएनजी, एक गॅलन डिझेलइतकी म्हणजे ६.०६ पौंड एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू). टेक्सासात अशा गॅलनमागे १५ सेंट कर आहे. दर दिसायला कमी-जास्त वाटतात ते पुष्कळदा एककामुळे. ट्रक बदलायचा निर्णय घेण्याआधी सगळे आकडे डिझेल-गॅलनात आणून मगच तुलना करावी. याबाबतीत एएफडीसीचाच गुणधर्मांचा तक्ता उत्तम आहे.

ईव्ही घेणाऱ्यांसाठी: जुनी बातमी आणि नवी फी

न्यू जर्सीत, विशेषतः एडिसनच्या पट्ट्यात, ईव्ही घेणारी मराठी घरं भरपूर. ‘जर्सीत ईव्हीला विक्रीकर नाही’ हे वाक्य अजून तिथल्या ग्रुपांवर फिरतं. ते जुनं झालं. १ ऑक्टोबर २०२४ पासून निम्मा म्हणजे ३.३१२५ टक्के आणि १ जुलै २०२५ पासून पूर्ण ६.६२५ टक्के कर लागतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून नोंदणीवर वर्षाला २५० डॉलर जादा फी, दरवर्षी १० डॉलरने वाढत २०२८ मध्ये २९० वर जाणारी. नवी गाडी घेताना चार वर्षांची फी एकदम भरावी लागते. पहिल्या वर्षी ती २५०, २६०, २७० आणि २८० मिळून १,०६० डॉलर होती, जुलै २०२५ पासूनच्या वर्षात १,१००. चाळीस हजारांच्या गाडीवर पूर्ण कर २,६५० डॉलर, त्यात ही फी. डीलरच्या पहिल्या कोटेशनमध्ये हे दोन्ही आकडे आहेत का, ते आधी बघा.

टेक्सासात १ सप्टेंबर २०२३ पासून ईव्हीला वर्षाला २०० डॉलर जादा फी, नव्या गाडीला सुरुवातीलाच ४००. एएफडीसीवर या फिया नोंदणीच्या नियमांत असतात. केवळ सवलती गाळून बघणाऱ्याला त्या दिसतच नाहीत.

केंद्राच्या सवलतींचं म्हणाल तर ईव्ही खरेदीवरची केंद्रीय क्रेडिट ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना नाहीत. घरच्या किंवा पंपावरच्या चार्जरवरचं क्रेडिट ३० जून २०२६ नंतर बसवलेल्या उपकरणाला नाही. जुने लेख, व्हिडिओ आणि विक्रेत्यांची पत्रकं अजून साडेसात हजार डॉलरच्या ईव्ही-क्रेडिटचं तुणतुणं वाजवतात.

बायोडिझेलचं केंद्रीय चित्रही बदललं आहे आणि ते राज्यांच्या नोंदी वाचताना डोक्यात असायला हवं. आधी डिझेलमध्ये मिसळणाऱ्याला गॅलनमागे १ डॉलर मिळे, आणि ९९.९ टक्के बायोडिझेलात ०.१ टक्का डिझेल टाकलं तरी ते मिश्रण ठरायचं. बी९९.९ हा माल जन्माला आला तो यामुळेच. हे क्रेडिट ३१ डिसेंबर २०२४ ला संपलं. त्याजागी केंद्रीय करकायद्याचं कलम ४५झेड आलं: ते मिसळणाऱ्याला नाही तर अमेरिकेत उत्पादन करणाऱ्याला मिळतं, कार्बन-आकड्यावरून ठरतं, गॅलनमागे जास्तीत जास्त १ डॉलर. २०२५ च्या कायद्याने त्याची मुदत २०२९ अखेरपर्यंत वाढवली आणि २०२६ पासून कच्चा माल अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोचा असावा ही अट घातली. उत्पादकाने आयआरएसकडे (केंद्रीय कर खात्याकडे) फॉर्म ६३७ वर नोंदणी केलेली हवी. याचा पंपवाल्याला अर्थ असा की केंद्राचे पैसे आता त्याच्या हातून जात नाहीत. राज्याची सवलत हाच त्याचा थेट आधार उरला, आणि म्हणून इलिनॉयमधल्या एका टक्क्याला इतकं महत्त्व.

ताजेपणा आणि डाउनलोड

राज्यांच्या नोंदी साधारणपणे त्या-त्या विधिमंडळाचं अधिवेशन संपल्यावर तपासून सुधारल्या जातात. म्हणजे अधिवेशनात मंजूर झालेला बदल इथे दिसायला काही महिने लागू शकतात. अर्थसंकल्पात घुसवलेले बदल, जसा न्यू जर्सीचा, विशेष धोक्याचे, कारण ते पटकन लागू होतात. नोंदीखालचं कलम घेऊन राज्याच्या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर तेच कलम आणि त्यावरचं ताजं परिपत्रक बघणं ही दुसरी पायरी कधीच गाळू नये. चलन परिपत्रकावर भरायचं, सारांशावर नाही.

संपूर्ण यादी सीएसव्हीत, म्हणजे तक्त्याच्या साध्या फाइलमध्ये, उतरवून घेता येते; एपीआयही (दुसऱ्या प्रोग्रामने थेट माहिती ओढायची सोय) आहे. फाइलमध्ये रद्द झालेल्या आणि मुदत संपलेल्या नोंदीही असू शकतात, त्यामुळे स्थितीचा आणि मुदतीच्या तारखेचा रकाना गाळल्याशिवाय कुठलाही तक्ता बनवू नये. नाहीतर पन्नास राज्यांच्या तुलनेत मेलेल्या सवलतीही जिवंत दिसतील. इतिहास अभ्यासायचा असेल तर मात्र याच नोंदी सोनं आहेत: कोणत्या राज्याने कधी काय सुरू केलं आणि कधी गुंडाळलं, हे इतकं नीट कुणी ठेवलेलं नाही.

ट्रकचे तिमाही कर भरणाऱ्यांना

आंतरराज्य ट्रकांसाठी इफ्टा नावाची व्यवस्था आहे. २६,००० पौंडांवरच्या किंवा तीन वा जास्त आसांच्या गाड्या एकाच राज्यात तिमाही विवरण भरतात आणि कर कुठे किती मैल धावले यावरून वाटला जातो. तारखा ठरलेल्या: ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी. या कामासाठी एएफडीसी उघडून बसू नका. इफ्टाचा दर-तक्ता दर तिमाहीला निघतो आणि त्यात बायोडिझेल हा वेगळा इंधनप्रकार आहे. बी२० कोणत्या रकान्यात टाकायचं हे राज्यागणिक बदलतं, ते आधारराज्याच्या, म्हणजे विवरण जिथे भरता त्या राज्याच्या, सूचनांत बघावं. टेक्सासातून बी२० भरून ट्रक ओक्लाहोमात धावला तर टेक्सासात वाचलेले चार सेंट धावलेल्या मैलांच्या हिशोबात तुमचेच राहतील असं नाही, कारण ओक्लाहोमाच्या मैलांना ओक्लाहोमाचा दर लागतो. पावत्या चार वर्षं जपायच्या, आणि प्रत्येक पावतीवर इंधनाचा प्रकार छापलेला हवा. ‘डीएसएल’ एवढंच छापून देणाऱ्या पंपावर बी२० भरलं असेल तर त्याच दिवशी पुरवठादाराकडून टक्केवारी लिहिलेलं बिल मागवून पावतीला जोडून ठेवा, तिमाही संपल्यावर ते मिळणं अवघड जातं.